दारात केसवर्कर उभी राहिली तर: एडिसनच्या क्लासचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच, पण आधीच सांगते की न्यू जर्सीत लहान मुलं असलेल्या प्रत्येक मराठी घरातून निदान एका माणसाने तरी हा क्लास करावा असं मला अगदी मनापासून वाटतं. इथल्या एडिसन गावाजवळ फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एक वकीलबाई आहेत, त्या शनिवारी दुपारी लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये हे सेशन घेतात, एका कुटुंबाला चाळीस डॉलर, दोन तास म्हणतात पण प्रश्न संपेपर्यंत थांबतात. विषय एकच. मुलांच्या संरक्षणाचं जे सरकारी खातं आहे, म्हणजे इथलं डीसीपीपी, २०१२ पर्यंत ज्याला डायफस म्हणायचे ते, त्यांचा केसवर्कर, म्हणजे तक्रारीची चौकशी करणारा कर्मचारी, दारात आला तर त्याला घरात घ्यायलाच पाहिजे का, घर दाखवायलाच पाहिजे का, आणि अमेरिकेची राज्यघटना याबद्दल काय म्हणते. बाईंचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण आमच्या बॅचला आलेल्या एक-दोन जणांच्या केसेस चालू होत्या आणि त्यांची ओळख कुठूनही बाहेर जाऊ नये.

मी का गेले ते थोडक्यात. आमच्या जवळच्या ओळखीतलं एक घर आहे, राज्य सांगत नाही, न्यू जर्सी नाही. त्यांच्या बाळाच्या कमरेखाली जन्मापासून निळसर डाग आहेत, आपल्याकडच्या कितीतरी बाळांना असतात आणि दोन-चार वर्षांत आपोआप जातात. डेकेअरमध्ये डायपर बदलताना कुणाला तरी ते मार लागल्याचे वळ वाटले आणि फोन गेला. दुपारी दोघंही ऑफिसात, घरी फक्त भारतातून आलेली आजी. तिने दार उघडलं, समोर गळ्यात ओळखपत्र घातलेली दोन माणसं, सरकारी आहेत एवढं तिला कळलं, मग आपण जे करतो तेच तिने केलं, या बसा म्हणाली, पाणी दिलं, चहा टाकला आणि त्यांनी हाताने खूण केली तसं सगळं घर फिरवून दाखवलं, फ्रीज उघडला, कपाटं उघडली, वरच्या बेडरूम दाखवल्या, मोठ्या नातीचा फ्रॉक वर करून पाठ बघितली तरी ती काही बोलली नाही. पुढे बाळाच्या डॉक्टरांनी कागद दिला आणि प्रकरण बंद झालं. पण त्या घरातली आई अजून बेल वाजली की दचकते, आणि आजीला वाटतं सगळं तिच्यामुळे झालं. तिच्यामुळे काही झालेलं नाही, हे तिला समजावून सांगायला मला नीट माहिती हवी होती.

क्लासची सुरुवात फार छान आहे. वकीलबाई आधी कायदा सांगतच नाहीत, त्या विचारतात की पोलीस वॉरंटशिवाय आला आणि म्हणाला तुमचं घर बघायचंय तर काय म्हणाल? सगळे हात वर करून म्हणाले की वॉरंट दाखवा म्हणू, टीव्हीवर बघून एवढं सगळ्यांना पाठ असतं. मग म्हणाल्या, आणि पोलिसाऐवजी हातात फाइल घेतलेली एक गोड बोलणारी बाई असेल तर? खोली शांत. मग त्यांनी फोर्थ अमेंडमेंट सांगितली, १७९१ ची चौथी घटनादुरुस्ती, की सरकारने तुमच्या अंगाची, घराची, कागदांची अवाजवी झडती घ्यायची नाही आणि वॉरंट हवं तर त्याला सबळ कारण लागतं. यात पोलीस हा शब्द कुठेच नाही. सरकार म्हणजे सरकार. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅमारा केसमध्ये सांगितलं की साधा बिल्डिंग इन्स्पेक्टर आला आणि घरात राहणारा नाही म्हणाला तर त्यालाही वॉरंट लागेल, मग मुलांच्या खात्याचा माणूस वेगळा कसा?

इथे त्यांनी ज्या केसेस सांगितल्या त्या मी घरी येऊन परत वाचल्या, आणि खरं सांगते मला झोप लागली नाही. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया दोन्ही ज्या फेडरल अपील कोर्टाखाली येतात त्या थर्ड सर्किटची १९८९ ची गुड विरुद्ध डॉफिन काउंटी. निनावी टीप, सात वर्षांच्या मुलीच्या अंगावर वळ आहेत म्हणून, आणि त्यावरून केसवर्कर आणि पोलीस रात्री घरी येतात, आईला सांगतात आम्हाला वॉरंट लागत नाही, आणि मुलीचे कपडे काढून तपासतात. कोर्ट म्हणालं की वॉरंट नाही, खरी संमती नाही, तातडीचं कारण नाही, असं करता येत नाही आणि हा नियम तेव्हाही स्पष्ट होता. दुसरी कॅलिफोर्नियाच्या योलो काउंटीतली, कालाब्रेटा विरुद्ध फ्लॉइड, नाइन्थ सर्किट म्हणजे तिकडचं तसंच फेडरल अपील कोर्ट, १९९९. रात्री घरातून मूल ओरडल्याचा आवाज आला म्हणून कुणीतरी फोन केला. केसवर्कर चार दिवसांनी आली, आईने आत घेतलं नाही, मग ती पोलिसाला घेऊन परत आली तेव्हा फोनला दोन आठवडे होऊन गेले होते. तीन वर्षांच्या मुलीची चड्डी आईलाच खाली करायला लावली. कोर्टाने सरळ लिहिलं की फोर्थ अमेंडमेंटला सोशल वर्करसाठी वेगळी सूट नाही. आणि दोन आठवडे थांबता आलं तर ती इमर्जन्सी कसली, हा प्रश्न वकीलबाईंनी आम्हालाच विचारला. त्यानंतर फिफ्थ, सिक्स्थ, सेव्हन्थ अशा बऱ्याच सर्किटांनी साधारण तेच म्हटलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी चाळीस डॉलर कमीच आहेत. हा हक्क तुम्ही स्वतः दारातच देऊन टाकू शकता आणि तुम्हाला कळतही नाही. संमती दिली की वॉरंटची गरजच संपते. आणि सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये श्नेकलॉथ केसमध्ये सांगून ठेवलंय की संमती मनापासूनची असली पाहिजे, पण तुम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे हे आधी सांगणं सरकारवर बंधनकारक नाही. म्हणजे अटक झालेल्या माणसाला प्रश्न विचारण्याआधी पोलीस त्याचे हक्क वाचून दाखवतात तसं इथे कुणी काही वाचून दाखवत नाही. तुम्ही बाजूला सरलात, दार पूर्ण उघडलंत, या या म्हणालात, की झालं. आपल्याकडे दारात आलेल्याला बाहेर उभं ठेवणं हा अपमान समजतात, लहानपणापासून आपण तेच शिकलोय, आणि नेमकी तीच सवय इथे कागदावर "पालकांनी संमती दिली" अशी उतरते. हे ऐकल्यावर मला त्या आजीचा चहा आठवला आणि भयंकर वाईट वाटलं.

मग त्या सराव करून घेतात आणि हा क्लासचा सगळ्यात चांगला भाग आहे. खरोखर दाराबाहेर जाऊन टकटक करायची, त्या स्वतः केसवर्कर होतात, आणि तुम्ही उत्तर द्यायचं. पहिल्यांदा बहुतेक सगळे आत घेतात, माहिती असूनसुद्धा! एक काकू होत्या, त्या तर सॉरी सॉरी म्हणत बाजूलाच झाल्या. मग हळूहळू जमतं. आवाज चढवायचा नाही, दार आपटायचं नाही, खोटं अजिबात बोलायचं नाही. ओळखपत्र बघायचं, नाव-नंबर लिहून घ्यायचा, तक्रार नेमकी काय आहे ते विचारायचं, कारण २००३ च्या फेडरल कायद्यापासून पहिल्याच भेटीत तक्रार काय आहे हे पालकांना सांगावं लागतं, हे मला अजिबात माहिती नव्हतं. आणि मग सरळ वाक्य, मला सहकार्य करायचंय, मी वकिलाशी बोलून तुम्हाला फोन करते, कोर्टाच्या ऑर्डरशिवाय मी घरात येऊ देणार नाही. मूल बरं आहे हे दाखवायचं असेल तर दारापर्यंत आणून दाखवता येतं, तो निर्णय तुमचा. दवाखान्याचे आणि शाळेचे कागद मिळण्यासाठी ज्या फॉर्मवर सही मागतात तो वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. हे वाक्य तोंडातून बाहेर पडायला सराव लागतो, वाचून जमत नाही, म्हणून व्हिडिओ बघण्यापेक्षा प्रत्यक्ष जा.

आजी-आजोबांचा मुद्दा मी विचारला आणि त्यावर त्या बराच वेळ बोलल्या, याबद्दल त्यांचे खास आभार. कायद्यात असं आहे की जो माणूस त्या घरात राहतोय आणि ज्याच्याकडे बघून त्याला परवानगी द्यायचा अधिकार आहे असं समोरच्याला रास्तपणे वाटू शकतं, त्याची संमतीही चालू शकते, १९९० ची इलिनॉय विरुद्ध रॉड्रिग्ज. म्हणजे सहा महिन्यांसाठी आलेली सासू दार उघडून या म्हणाली तर नंतर कोर्टात वाद घालत बसावं लागेल. उलट नवरा-बायको दोघं दारात असतील, एक म्हणतोय या आणि दुसरी तिथेच उभं राहून म्हणतेय नाही, तर जो नाही म्हणतोय त्याचं ऐकावं लागतं, २००६ ची जॉर्जिया विरुद्ध रँडॉल्फ, फक्त नाही म्हणणारा त्या वेळी तिथे हजर पाहिजे. या दोन्ही केसेस पोलिसांच्या झडतीच्या आहेत पण संमतीचं गणित तेच. त्यामुळे त्यांचा सल्ला असा की दिवसा घरी असणाऱ्या आजी-आजोबांना एकच गोष्ट शिकवा, दार न उघडता किंवा थोडंसंच उघडून मुलाला-सुनेला फोन लावायचा आणि फोन स्पीकरवर ठेवायचा. आणि भाषा कळत नसेल तर दुभाषी मागायचा, मराठी दुभाषी फोनवर मिळू शकतो, घरातल्या दहा वर्षांच्या नातवाला दुभाषी करू नका, तोच तर चौकशीतला मुलगा असतो.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मारणाऱ्या आईबापांना वाचवायचा क्लास आहे, तर तसं अजिबात नाही. आमच्यात एक मुलांच्या डॉक्टर होत्या, त्यांनीच थेट विचारलं की मी स्वतः फोन करते, आणि केलेच पाहिजेत, मग तुम्ही लोकांना दार बंद करायला शिकवताय का. वकीलबाईंनी उत्तर नीट दिलं. आतून मूल ओरडतंय, रक्त दिसतंय, लहान मूल एकटं आहे, अशा खऱ्या तातडीत वॉरंट लागत नाही आणि लागूही नये. तातडी नसेल आणि पालक नाही म्हणाले तर न्यू जर्सीत डीसीपीपी सुपिरिअर कोर्टात जाऊन चौकशीची ऑर्डर मागू शकतं, जज कारण बघतो, ऑर्डर देतो किंवा देत नाही. जिवाला लगेच धोका असेल तर ऑर्डरशिवायही मूल हलवता येतं, त्याला इथे डॉड रिमूव्हल म्हणतात, पण मग दोन कोर्ट-दिवसांत जजसमोर उभं राहून कारण सांगावं लागतं. म्हणजे मधे एक त्रयस्थ माणूस आणायचा, एवढंच मागणं आहे. डॉक्टरबाईंना ते पटलं, आणि त्यांनीच मग सगळ्यांना सांगितलं की बाळाच्या अंगावरचे निळे डाग पहिल्याच तपासणीत डॉक्टरांकडून फाइलमध्ये लिहून घ्या, फोटोसकट. ही एक गोष्ट आजच करा, क्लासला जा किंवा नका जाऊ.

एक भाग ऐकताना खोलीतले सगळे गप्प झाले. वकीलबाई म्हणाल्या की तुम्ही इथे चाळीस डॉलर भरून शिकताय, पण ज्यांच्या दारात हे सगळ्यात जास्त घडतं ते लोक इथे नाहीत. २०१७ च्या एका अभ्यासात अंदाज आला की अमेरिकेतल्या साधारण ३७ टक्के मुलांची अठरा वर्षांच्या आत कधी ना कधी अशी चौकशी होते आणि काळ्या मुलांमध्ये ते प्रमाण ५३ टक्के आहे. निम्म्याहून जास्त. आणि बहुतेक तक्रारी मारहाणीच्या नसतात, दुर्लक्षाच्या असतात, ज्यात गरिबी आणि दुर्लक्ष वेगळं काढणं अवघड असतं. न्यूयॉर्क शहराबद्दल २०२२ मध्ये प्रोपब्लिका या बातम्यांच्या वेबसाइटने छापलं होतं की तिथलं खातं वर्षाला छप्पन्न हजारांच्या वर घरं तपासतं आणि कोर्टाची ऑर्डर घेतं सरासरी चौऱ्याण्णवहूनही कमी वेळा. बाकी सगळी घरं "संमतीने". नाही म्हणालात तर पोलीस आणू, मूल नेऊ, असं सांगितल्यावर दिलेली संमती ही संमती असते का, हाच प्रश्न घेऊन २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या पालकांनी फेडरल कोर्टात क्लास ॲक्शन, म्हणजे अशा सगळ्यांच्या वतीने एकत्र केस, दाखल केली. वकीलबाईंनी १९७१ ची वायमन विरुद्ध जेम्स पण सांगितली, ब्रॉन्क्समधली एक आई, सरकारी मदत घेत होती, केसवर्करला घरात येऊ देणार नाही म्हणाली, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं ठीक आहे, नको येऊ देऊ, पण मग मदत बंद. ती केस मला अजून पचलेली नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचं दार दार, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याने ते उघडंच ठेवायचं?

टेक्सासने २०२३ मध्ये कायदा करून तपास करणाऱ्यांना सांगितलं की पहिल्या भेटीतच पालकांना तोंडी आणि लेखी हक्क सांगा, वकिलाशिवाय न बोलण्याचा, कोर्टाच्या ऑर्डरशिवाय घरात येऊ न देण्याचा. हे प्रत्येक राज्यात व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, तोपर्यंत असे क्लास लागणार.

आता एक स्टार का कापला. पहिलं आणि मोठं, मुलांसाठी काहीच सोय नाही. लोक मुलांना घेऊन येतात कारण कुठे ठेवणार, आणि मुलं मागे बसून चित्रं काढत सगळं ऐकतात. मूल नेणं, पोलीस, कपडे काढून तपासणी, हे सहा-सात वर्षांच्या मुलांनी ऐकायचं नसतं. एक छोटी मुलगी आईला हळूच विचारत होती मला नेणार का म्हणून. ज्या विषयाचं मूळच मुलांची भीती कमी करणं आहे तिथे हे चालणार नाही. बाजूची खोली घ्या, कुणीतरी कॉलेजची मुलगी बसवा, पाच डॉलर जास्त घ्या, आम्ही देऊ. मी हे त्यांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

दुसरं, शाळेचा भाग पंधरा मिनिटांत गुंडाळला. खरं तर मुलांशी पहिलं बोलणं बऱ्याचदा शाळेतच होतं, पालकांना न सांगता, आणि आपल्याला ते संध्याकाळी कळतं. त्यांनी ओरेगनची केस सांगितली, नऊ वर्षांच्या मुलीला शाळेत बसवून सुमारे दोन तास प्रश्न विचारले, नाइन्थ सर्किट २००९ मध्ये म्हणालं की वॉरंट किंवा संमती हवी होती, पण २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती केस वेगळ्याच कारणावर निकाली काढली, मुलगी तोवर फ्लॉरिडाला गेली होती आणि अठराची व्हायला आली होती, त्यामुळे मुख्य प्रश्नाचं उत्तर देशभरासाठी मिळालंच नाही. इथवर ठीक, पण मग मुलांना काय शिकवायचं? मोठ्या माणसाशी खोटं बोलू नको पण मला आईला फोन करायचाय असं म्हण, एवढंच का? यावर अजून अर्धा तास हवा होता.

तिसरं, हँडआउट फक्त इंग्रजीत. कागद चांगला आहे, एक पान, मोठी अक्षरं, फ्रीजवर लावण्यासारखा, पण ज्या आजीने दार उघडायचंय तिला तो वाचता येत नाही. आमच्यातल्या तिघीजणींनी बसून त्याचं मराठी केलंय, वकीलबाईंनी बघून हो म्हटलंय, पुढच्या बॅचपासून तो मिळेल असं म्हणाल्या. गुजराती आणि तेलुगूही होतंय म्हणे.

आणखी एक, हा स्टार कापण्याचा मुद्दा नाही पण अपेक्षा ठेवून जाऊ नका म्हणून लिहिते. व्हिसावर काय परिणाम होईल याचं उत्तर त्या देत नाहीत, इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठा म्हणतात, आणि एच वन बीवाल्यांना तीच भीती सगळ्यात मोठी असते. आणि घरात बेकायदा शिरले तर नंतर दावा लावून पैसे मिळतील का, यावर त्यांनी उगाच आशा दाखवली नाही. अधिकाऱ्यांना क्वालिफाइड इम्युनिटी असते, म्हणजे अशा बऱ्याच दाव्यांपासून कायद्याचं संरक्षण, वर्षानुवर्षं केस चालते, जिंकणारे थोडे. ज्यांची ऐपत नाही त्यांना केस कोर्टात गेल्यावर न्यू जर्सीत पब्लिक डिफेंडरच्या ऑफिसकडून पालकांसाठी वकील मिळतो, तो मागायला लाजू नका, असं त्यांनी तीन-चारदा सांगितलं.

जाणार असाल तर दोघंही जा, एकट्याने जाऊन घरी येऊन सांगण्यात मजा नाही, कारण दारात दोघांनी एकच उत्तर द्यायचं असतं. आजी-आजोबा इथे असतील तर त्यांनाही न्या, सरावाच्या वेळी वकीलबाई त्यांच्याशी हळू आणि सोप्या इंग्रजीत बोलतात, आदराने बोलतात. नोंदणी ऑनलाइन नाही, लायब्ररीच्या डेस्कवर यादीत नाव लिहायचं, पैसे तिथेच कॅश किंवा फोनवरून झेलने (Zelle). शनिवारी पार्किंग लवकर भरतं, मागच्या रस्त्यावर जागा मिळते.